रंधा मारलेलं दार

कुंभाराच्या घरात माती यायची थांबली, की घरातली माणसं एकमेकांवर चिडायला लागतात. हाताला काम नसलं की तोंडाला काम मिळतं, दुसरं काय! टेकडी खाली आली त्या दिवसापासून त्या घरातलं चाक भिंतीला टेकून उभं होतं आणि कोळ्यानं त्याच्या आऱ्यांमध्ये निवांत संसार मांडला होता.

थोरली रोज केर काढताना ते जाळं बघायची आणि तसंच ठेवायची. काढलं तर नवरा म्हणणार, चाकाला हात कशाला लावलास. नाही काढलं तर म्हणणार, कोळिष्टकं वाढलीत, दिसत नाहीत का. दोन्हीकडून बोलणी खायचीच, तर निदान कष्ट न करता खावीत, असा तिनं हिशेब केला होता. ती घरातली मोठी सून. लग्न होऊन आली तेव्हा थोरली म्हणायला धाकटी कुणी नव्हती, मग धाकटी आली आणि हिचं नाव थोरली पडलं. आता धाकटी राहिली नव्हती, नाव मात्र तेच होतं.

टेकडी म्हणजे काही मोठा डोंगर नव्हे. वस्तीच्या पाठीशी आडवी झोपलेली, चिकणमातीची. तिच्या पायथ्याला कुंभारांची खाण. चांगली माती आत असते म्हणून तीन पिढ्या कुंभार आत आत खणत गेलेले, वरून दिसायला नको इतकं आत. दुसऱ्या अंगानं रस्त्याच्या ठेकेदाराचं यंत्र लागलं, त्यानं भरावासाठी एक कूसच कापून नेली. वरची झाडं चुलीत गेली, ती तर घराघरानं तोडली. टेकडीला सगळ्यांनीच थोडं थोडं खाल्लं होतं. पण नाव कुणाचं घ्यायचं, तर कुंभाराचं. यंत्रवाला यंत्र घेऊन दुसऱ्या गावाला गेला होता आणि कुंभार रोज समोर दिसत होता.

दरड आली ती खालच्या आळीवर. सात माणसं गेली. त्यात धाकटी होती. धाकटा मडकी घेऊन बाजाराला गेला होता, तो परत आला तेव्हा त्याचं घर कुठं होतं हे त्याला शेजाऱ्यांनी हातानं दाखवावं लागलं.

त्यानंतर एका सकाळी थोरलीनं दार उघडलं, तर उंबऱ्यासमोर मडकी ठेवलेली. आपल्याच घरची, वर्षानुवर्षं विकलेली. कुणी रांजण आणून ठेवला होता, कुणी नुसतं झाकण. एकानं तर पाण्यानं भरलेलाच माठ आणून ठेवला होता, रिकामा करायचीही तसदी घेतली नव्हती. कुणी काही बोललं नाही, भांडण केलं नाही. नळावर थोरलीची कळशी कुणीतरी पायानं मागं सरकवायचं. दुकानदार साबणाची वडी हातात न देता फळीवर ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणावं, तर थोरलीला ते पुरतं म्हणताही येत नव्हतं. संन्याशानंही माती खणली होतीच की.

घरात आता चार माणसं. नवरा, जो दिवसभर खाटेच्या दोऱ्या सोडायचा आणि पुन्हा विणायचा. सासू, जिचं कमरेचं हाड त्या दिवशीच्या पळापळीत मोडलं आणि जी मागच्या खोलीत, टेकडीकडच्या भिंतीला लागून, पडूनच असायची. धाकटा दीर, जो जेवायला हाक मारली की यायचा आणि एरवी अंगणात त्या दारासमोर बसायचा.

ते दार म्हणजे धाकटीच्या घराचं दार. मातीतून तिला काढलं तेव्हा ते तिच्या अंगावर होतं. धाकट्यानं ते पाठीवर घालून वर आणलं आणि अंगणात भिंतीला टेकून ठेवलं. दार जुनं, काळपट, पण त्याची एक कड पांढरी होती, ताज्या लाकडाची. तिथं रंधा मारलेला होता. कुणी मारला ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

शहरातली चित्रकार बाई आली ती अशा घरात. वयानं मोठी, गुडघ्यांनी अधू, अंगणाच्या पायरीवर धपकन बसली आणि म्हणाली, "आधी पाणी द्या, मग हाकलून द्या."

थोरलीनं पाणी दिलं. परत आलेल्या माठातलंच होतं.

बाई म्हणाली, "मला गेलेल्या माणसांचे पुतळे हवेत. मातीचे, माणसाएवढे. पाऊस सुरू व्हायच्या आत. मोठ्या बाजाराच्या चौकात उभे करायचेत."

"कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"लोक बातमी वाचतात, चुकचुकतात आणि पान उलटतात. टेकड्या कापायचं काही थांबत नाही. माणूस समोर उभा असला की पान उलटता येत नाही, एवढंच."

"आणि कुंभारांनी टेकडी पाडली असं खाली लिहिणार?"

"मी काही लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही नीट, चित्रं काढता येतात." बाईनं ग्लास खाली ठेवला. "पण माती तीच हवी. जी खाली आली ती."

थोरली मध्येच बोलली, "त्या मातीत माणसं होती, बाई."

"म्हणूनच," बाई हळू आवाजात म्हणाली.

नवऱ्यानं दोऱ्या बाजूला टाकल्या. "करतो," तो म्हणाला. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं. किती महिन्यांनी तो सरळ बसला होता! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर अख्खी टेकडी मिळाली होती. तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

आळीतली माणसं आता दगड घेऊन येतील असं तिला वाटलं होतं. आली ती शिंपीण. तिचा नवरा दरडीत गेला होता आणि ती वरच्या आळीत, यांच्या शेजारच्या पडवीत राहायला आली होती. मडकी परत करणाऱ्यांत तिचं मडकं पहिलं होतं. ती अंगणात येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"आमच्या माणसाचा पुतळा करणार म्हणे?"

"तुम्ही नको म्हणाल तर नाही करणार," थोरली म्हणाली.

"नको कुठं म्हणतेय? मान डावीकडे करा जरा. यंत्रावर वाकून वाकून त्यांची मान तशीच झाली होती. सरळ कराल आणि मग मी ओळखायची नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "मिशा मात्र दाट करा. होत्या त्याच्यापेक्षा. फार वाटायचं त्यांना दाट असाव्यात म्हणून."

थोरलीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. शिंपीण स्वतःच हसली आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली. थोरलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी आळीतल्या कुणाच्या अंगाला तिचा हात लागत होता.

काम सुरू झालं. खालच्या आळीतली माती टोपल्यांनी वर आणायची, उन्हात पसरायची, ढेकळं मोगरीनं फोडायची, चाळायची, खड्ड्यात भिजवायची. चाळणीत खडे राहायचे, मुळं राहायची आणि मधूनच एखादा चमचा, चपलेचा पट्टा, यंत्राची वाकलेली सुई. थोरली ते खिडकीत मांडून ठेवायची. ज्याचं असेल तो येऊन न बोलता घेऊन जायचा. भिजलेली माती पायांनी तुडवायची ती थोरली आणि धाकटा. पहिल्या दिवशी तिचे पाय खड्ड्यात उतरेनात. धाकटा आधी उतरला. म्हणाला, "या वहिनी. गार आहे." दरडीनंतर तो आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

पोटऱ्या भरून यायच्या, कंबर धरायची, टाचांना भेगा पडून त्यांत माती बसायची आणि रात्री ठणकायची. पण घरात पुन्हा ओल्या मातीचा वास होता. नवरा पायांपासून सुरुवात करायचा. मातीच्या जाड वळ्या करून एकावर एक चढवायच्या, आतून हात धरून बाहेरून थापीनं ठोकायचं, आत पोकळ, बाहेर माणूस. गुडघे झाले, मांड्या झाल्या, पोट झालं. चाकावर मडकं घडवणारा हा माणूस लोकांच्या ओळखीची पोटं इतकी हुबेहूब करेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आळी येऊ लागली. आधी कुंपणाबाहेरून, मग आत. कुणी म्हणायचं, नाक जरा बसकं करा, आमच्या घरात सगळ्यांचं तसंच. दोन जावयांचं सासऱ्याच्या कानांवरून भांडण झालं. दुकानदारानं स्वतः येऊन त्याच्या आईच्या हाताची बोटं दाखवली, एक करंगळी वाकडी होती, आणि जाताना साबणाची वडी थोरलीच्या हातात ठेवली. ठेवताना तो तिच्याकडे बघत होता. आळीनं माफ केलं होतं असं नाही. आळीला आपली माणसं परत बघायची होती आणि ती या अंगणातून येत होती.

नवरा फुलला. त्यानं मातीचा थर जाड करायला सुरुवात केली.

"एवढा जाड?" थोरलीनं विचारलं. "आत ओल राहील. भाजताना फुटेल."

"सावकाश भाजू. हजार वर्षं उभे राहिले पाहिजेत. लोक म्हणतील कुंभारानं केलेत."

"लोक म्हणतील ते म्हणतील. जळण किती लागेल?"

"तू माती तुडव," तो म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. कुंभाराचा घडा झाला म्हणून काय, पालथा तो पालथाच.

धाकटीचा पुतळा सगळ्यांत शेवटी राहिला. तो धाकटाच करत होता. अंग झालं, हात झाले, तोंड मात्र होईना. करायचा, मागं सरायचा, ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. चित्रकार बाई काम बघायला आली तेव्हा तिनं त्याच्याजवळ बसून विचारलं, "ती शेवटी काय करत होती, माहीत आहे?"

धाकट्यानं ओलं फडकं पिळलं. मग म्हणाला, "दार लावत होती."

"कशावरून?"

"हात दाराला होता. काढली तेव्हा." त्यानं स्वतःचा उजवा तळहात पुढं केला, बोटं पसरलेली, आणि डावा खांदा दाराला लावल्यासारखा वळवला. "लागत नव्हतं ते. त्या आठवड्यात फुगलं होतं. दादाकडे आली होती ती, दार लागत नाही म्हणून. दादानं रंधा मारून दिला."

नवरा हातातली थापी तशीच धरून उभा राहिला. थोरलीला तो दिवस आठवला. धाकटी दुपारची आली होती, "दादा, आमचं दार अडतंय हो, ओलीनं फुगलंय वाटतं," आणि नवरा रंधा घेऊन खाली गेला होता. परत येऊन हसत म्हणाला होता, "दाराची जिरवली, आता तू फुगू नकोस म्हटलं तिला." सगळे हसले होते. कोरड्या हवेत दार कसं फुगेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. दार फुगलंच नव्हतं. मागून टेकडी चौकटीला रेटत होती आणि यांनी दाराची कड तासून टेकडीला वाट करून दिली होती.

"म्हणजे टेकडी सांगत होती," बाई म्हणाली.

"आम्हाला काय माहीत," नवरा फाटक्या आवाजात म्हणाला. "दार अडलं की रंधा मारायचा, एवढंच माहीत."

बाई धाकट्याला म्हणाली, "तिला तशीच करा. दार लावताना. हे दार देणार असाल तर तेही चौकात नेऊ." मग धाकट्यानं पुतळ्याचा हात मोडून पुन्हा केला, दार पुतळ्याला लावून उभं केलं, आणि त्यानंतर तोंड आपोआप आल्यासारखं आलं. दात ओठांवर रोवलेले, जोर लावताना धाकटी रोवायची तसे. सासूला तिच्या खोलीच्या दारातून ते दिसलं. "अगं, हिला आत तरी घ्या," म्हातारी म्हणाली. कुणाला तिच्याकडे बघवलं नाही.

पुतळे गोणपाटाखाली सुकले. आता ते भाजायला आवा लावायचा. पण जळण कुठं होतं? काटक्याकुटक्या मडक्यांना पुरतात, माणसांना नाही. वखारीत लाकूड शिल्लक नव्हतं. टेकडी तर बोडकी. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि नुसतंच घाबरवून जायचं. पुतळे न्यायला येणारा बाईचा ट्रक दोन-चार दिवसांवर आला होता.

घरामागं, चढावर, पाच झाडं होती, अर्धी वाळलेली. चांगली म्हणून नव्हे, वाकडी म्हणून वाचलेली. तुळईला चालेनात, फळीला चालेनात, तेव्हा कुणी हात लावला नव्हता. त्यांची मुळं मागच्या भिंतीच्या बुडाशी, बोटांनी धरल्यासारखी, बाहेर दिसायची. नवरा जेवताना त्या बाजूला बघतोय हे थोरलीच्या लक्षात आलं आणि तिचा घास तोंडातच राहिला.

"त्या झाडांना हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"मग कशानं भाजू? तुझ्या जिभेनं?"

"बाईंना सांगा. त्या सोय करतील."

"काय सांगू? कुंभाराकडे जळण नाही? उद्या म्हणशील, पाणीपण मागा."

"खाली सात माणसं गेली. आपल्या मागं टेकडी धरायला एवढी पाचच झाडं राहिलीत, अहो."

"त्या सात माणसांसाठीच करतोय ना! कच्चे पुतळे चौकात एका पावसात विरघळतील. पुन्हा मरतील ती. आणि मग आळी आपल्याला या वेळी नुसती मडकी परत करणार नाही." त्याचा आवाज चिरकला. "मला तोंड दाखवायला एवढी एकच गोष्ट आहे ग."

थोरलीनं ताट बाजूला सारलं. त्याचं खोटं होतं असं तिला म्हणता येईना. तोच माणूस, जो दाराचं ओझं घेऊन दिवसभर खाटेच्या दोऱ्या विणत होता, आता ताठ उभा होता. त्याला पुन्हा वाकवायचा कसा?

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिलं झाड पाडलं. झाड पडलं तेव्हा घर हादरलं, फळीवरची भांडी वाजली आणि म्हातारी आतून ओरडली, "कोण आलं?" धाकट्यानं फांद्या ओढून अंगणात आणल्या. ओंडके फोडले. पाऊण दिवस गेला. एवढं लाकूड एका पुतळ्यालाही पुरणार नव्हतं.

त्यानंतरच्या दिवशी जेवणं झाल्यावर नवरा पुन्हा कुऱ्हाड घेऊन मागं गेला. धाकटा खाली माती आणायला गेला होता, एका पुतळ्याच्या पायाला भेग पडली होती ती बुजवायला. थोरलीनं सासूला पुसून काढलं, कूस बदलून दिली. म्हातारीला डुलकी लागली, म्हणून ती बाहेर पडून दार लोटून घ्यायला लागली.

दार लागेना.

तिनं जरा जोर केला. वरची कड चौकटीत अडकली होती. काल तर अलगद लागलं होतं. पायानं खालून ढकललं. मग तिनं उजवा तळहात बोटं पसरून फळीवर ठेवला, डावा खांदा लावला, दात ओठावर रोवले आणि अंगातलं बळ एकवटून रेटलं.

आणि तशीच थांबली. पुढच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या अंगणात, गोणपाट वाऱ्यानं सरकलेलं, धाकटी उभी होती. तोच तळहात, तोच खांदा, ओठावर तेच दात. दोघी जावा एकमेकींकडे बघत दोन दारं लावत होत्या.

थोरलीनं दार सोडलं. भिंतीला हात धरत ती मागच्या बाजूला धावली.

"अहो! दार लागत नाही!"

नवरा चढावर होता. त्यानं कुऱ्हाड थांबवली नाही. "कोणतं?"

"आईंच्या खोलीचं! वर अडतंय!"

"झाडाच्या दणक्यानं चौकट हलली असेल. खाली आलो की रंधा मारतो."

रंधा! त्यानं तो शब्द उच्चारला आणि त्याला तो ऐकूसुद्धा आला नाही. कुऱ्हाड पुन्हा चालू झाली. तिनं त्याला नावानं हाक मारली, जी तिनं आयुष्यात कधी मारली नव्हती. तो वळला नाही.

त्या घरात थोरलीचं कुणी ऐकायचं नाही, हे काही नवीन नव्हतं. पण माती ऐकायची. कच्च्या मातीची एक गोष्ट कुंभाराच्या घरात सगळ्यांना माहीत असते. ओल्या मातीवर पाणी घाला, ती हसते नुसती. खडखडीत वाळलेल्या कच्च्या मातीवर घाला, ती तहानलेल्या माणसासारखं घटाघटा पिते आणि जागच्या जागी बसते. एकदा भाजली की मग काही करा, तिला माती होता येत नाही.

भाजायला पुतळेच उरले नाहीत, तर झाडं कशाला पाडायची? तिनं बादली भरली आणि शिंप्याच्या पायांवर ओतली.

पाणी दिसेनासं झालं. बारीक बुडबुडे आले, सूं असा आवाज आला. मग घोट्यापासून ढलप्या सुटल्या. ती दुसऱ्या पुतळ्याकडे गेली. दुकानदाराची आई. मग बसक्या नाकाचा म्हातारा. ओतताना ती प्रत्येकाला म्हणत होती, "माफ करा हो. माफ करा." शिंपी गुडघ्यांतून बसला, डावीकडे वाकलेल्या मानेसकट पुढं आला आणि दाट मिशांवर आपटला.

शिंपिणीनं ते पडवीतून बघितलं. तिची किंकाळी अख्ख्या आळीनं ऐकली. ती धावत आली आणि तिनं थोरलीच्या थोबाडीत मारली, एक, दोन. थोरलीनं हात वर केला नाही. माणसं जमली. दुकानदार आला, त्यानं आईची वाकडी करंगळी चिखलातून उचलली आणि तशीच तळहातावर धरून उभा राहिला. "काय केलंस हे? अगं काय केलंस?" जो तो तेच विचारत होता. एकानं बादली हिसकावली. कुणीतरी तिला दंडाला धरून खाली पाडलं आणि तिचं तोंड त्याच चिखलात गेलं.

मागं कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता. नवरा अंगणात आला. सहा ढिगारे होते आणि मध्ये एकटी धाकटी उभी. त्याच्या तोंडाकडे बघून थोरलीला वाटलं, हा आता मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

धाकटा मातीची टोपली घेऊन फाटकात उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "काय झालं?"

थोरली हातांवर उठून बसली. तोंडातली माती थुंकली.

"दार लागत नाही, भाऊजी. आईंच्या खोलीचं."

तिनं अंगणातल्या धाकटीकडे बोट दाखवलं. जमलेल्यांनी तिकडे बघितलं. इतके दिवस ते तिचं तोंड बघत होते, नाक बघत होते, अगदी जिवंत वाटते म्हणत होते. आता त्यांनी हात बघितला, खांदा बघितला, दाराची पांढरी कड बघितली. दुकानदारानं करंगळी हळूच ढिगाऱ्यावर ठेवली.

धाकट्यानं टोपली टाकली आणि तो आत धावला. त्यानं खोलीचं दार एकदा ओढलं. वर लाकडावर लाकूड करकरलं. म्हातारी जागी झाली, "कोण आलं रे?" म्हणाली.

आधी दुकानदार वळला. तो पळत आपल्या घरी गेला. मग दुसरा गेला, मग बाया गेल्या. बघता बघता अंगण रिकामं झालं. आणि सगळ्या आळीतून दारांचे आवाज यायला लागले. भर दुपारी लोक आपापल्या घरांची दारं उघडत होते आणि लावत होते, पुन्हा उघडत होते, पुन्हा लावत होते. "लागलं!" कुणीतरी ओरडलं. "आमचंपण लागलं!" पलीकडून आवाज आला.

नवरा धाकटीसमोर उभा होता. त्यानं तळहात दाराच्या पांढऱ्या कडेवर ठेवला, वरपासून खालपर्यंत नेला. मग कुऱ्हाड जिथं होती तिथंच टाकून तो आत गेला आणि त्यानं आईच्या खाटेचं डोक्याकडचं टोक उचललं. धाकट्यानं दुसरं धरलं. दार अर्धंच उघडत होतं, खाट आडवी करावी लागली आणि म्हातारी दुखण्यानं कळवळली, दोघांना शिव्या द्यायला लागली.

"उचला, उचला," थोरली म्हणाली. तिचा गाल सुजला होता. आभाळ भरून आलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या पडवीतून शिंपिणीचा आवाज आला. ओरडली नाही ती. अगदी हळू, लाज वाटल्यासारखं बोलली.

"थोरले, आमचंपण नाही ग लागत."